न वाचलेल्या संहितेचे बंधन

मराठी समीक्षेत साहित्यकृतीच्या शब्दरूपाला ‘संहिता’ म्हणतात. विधिव्यवहारात तोच शब्द कायद्याच्या ग्रंथासाठी रूढ आहे. मात्र साहित्याची संहिता वाचल्यावाचून कोणावर अधिकार सांगू शकत नाही. कायद्याची संहिता न वाचणाऱ्यालाही बांधते. कायद्याचे अज्ञान ही सबब ठरत नाही, हे तत्त्व नैतिक दृष्ट्या कशाच्या बळावर उभे असते?

‘हरला विरुद्ध राजस्थान राज्य’ (१९५१) या खटल्यात हा प्रश्न मुळाशी होता. जयपूरचे महाराज अज्ञान असताना तेथील मंत्रिमंडळाने १९२३ साली अफूविषयक कायदा केवळ ठरावाने संमत केला. तो लोकांसाठी कधी प्रसिद्ध केला नाही. पुढे त्या कायद्याखाली एका माणसाला पन्नास रुपये दंड झाला. सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. प्रसिद्धीवाचून कायदा अंमलात येऊ शकत नाही, ही नैसर्गिक न्यायाची किमान अट आहे, असे न्यायालयाने मानले.

प्रसिद्धी म्हणजे केवळ सूचना नव्हे. राजपत्रात छापल्याक्षणी आज्ञेची संहिता होते आणि ती आज्ञा देणाऱ्याच्या हातून सुटते. आपल्या मनात वेगळेच होते, असे आता शासनाला म्हणता येत नाही. छापील शब्दांचा अर्थ त्याच्याविरुद्धही लावला जातो. प्रजेइतकेच राज्यकर्त्यालाही बांधून घेणे, हे प्रसिद्धीचे खरे नैतिक मूल्य होय.

तथापि राजपत्राचा अभिप्रेत वाचक हा सर्व काही वाचणारा, सर्व काही समजणारा असा कल्पित पुरुष आहे. संविधानाच्या ३४८व्या अनुच्छेदाने, संसद अन्यथा ठरवीपर्यंत, अधिनियमांचा प्राधिकृत पाठ इंग्रजी ठरविला. केंद्रीय कायद्यांच्या प्रादेशिक भाषांतील अनुवादांना प्राधिकृत पाठाचा दर्जा मिळण्याची तरतूद १९७३च्या अधिनियमाने झाली. म्हणजे ज्याला ती भाषा येत नव्हती, त्याच्यावरही ती वाचल्याचा आरोप होताच.

ही कल्पना टाळता येणार नाही. प्रत्येकाचे अज्ञान मान्य केल्यास कायदाच उरणार नाही. परंतु ज्याच्या सोयीसाठी ती मानली जाते, त्यानेच तिचे मोल द्यावयास हवे. नागरिकाच्या जाणून घेण्याच्या कर्तव्याआधी राज्याचे सुबोध लिहिण्याचे कर्तव्य येते. संहिता छापली गेली काय, हे न्यायालय तपासू शकते; ती वाचता येण्याजोगी आहे काय, हा प्रश्न मात्र प्रत्येक अधिनियमाबरोबर नव्याने उभा राहतो.