वगळलेला पाठ : निसर्गछायाचित्राचे संपादन आणि साक्षीचा प्रश्न

१

निसर्गाचे छायाचित्र संगणकावर घेऊन त्यातील आकाश गडद करणे, पानांचा हिरवा रंग उठावदार करणे, कोपऱ्यात आलेली विजेची तार पुसून टाकणे, या क्रियांना आपण सरसकट ‘संपादन’ म्हणतो आणि पुष्कळदा ‘सुधारणा’ असेही म्हणतो. हे दोन शब्द समानार्थी नाहीत. संपादनात हाती आलेल्या संहितेशी काहीएक बांधिलकी गृहीत असते. सुधारणेत त्या संहितेत उणीव आहे हा निर्णय आधीच झालेला असतो. ही उणीव छायाचित्राची की निसर्गाची, असे विचारले की प्रश्नाचे तांत्रिक स्वरूप गळून पडते आणि त्याचे नैतिक स्वरूप पुढे येते.

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे प्रचलित आहेत. पहिले शुद्धतावादी : कॅमेऱ्याने टिपले ते सत्य, त्यावर हात फिरवणे म्हणजे असत्य. दुसरे स्वायत्ततावादी : छायाचित्र ही कलाकृती आहे आणि कलाकृतीला तिच्या अंतर्गत रचनेखेरीज अन्य कोणाचेही देणे नाही. प्रस्तुत लेखात ही दोन्ही उत्तरे अपुरी का पडतात ते पाहावयाचे आहे आणि ‘संपादन’ या आपल्याच शब्दातून तिसरे उत्तर मिळते का, याचा शोध घ्यावयाचा आहे.

२

शुद्धतावादाची अडचण अशी की, ज्याला तो ‘अस्पर्शित’ म्हणतो असे छायाचित्र अस्तित्वातच नाही. गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास केलेली सागरदृश्ये प्रसिद्ध आहेत. त्या काळातील कलोडियनच्या काचा निळ्या प्रकाशाला फार लवकर प्रतिसाद देत. समुद्र नीट उमटेपर्यंत थांबले, तर आकाश पांढरेफटक होई. म्हणून आपल्या काही चित्रांत त्याने समुद्र एका निगेटिव्हमधून आणि ढग दुसऱ्या निगेटिव्हमधून घेऊन एकाच कागदावर जुळवले. म्हणजे संगणकाच्या आधी सव्वाशे वर्षे निसर्गाचे ‘जुळवलेले’ चित्र सिद्ध झाले होते. अॅन्सेल अॅडम्सने १९४१ साली न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ येथे घेतलेल्या चंद्रोदयाच्या चित्राचे पुढील तीन-चार दशकांत असंख्य प्रिंट काढले. जसजशी वर्षे गेली तसतसे त्यातील आकाश अधिकाधिक काळे होत गेले. निगेटिव्ह ही स्वरलिपी आणि प्रिंट हा तिचा प्रयोग, अशी त्याची भूमिका होती. एकाच बंदिशीचे दोन गायनप्रसंग सारखे नसतात, हे ज्याला मान्य आहे त्याला ती समजण्यास अडचण पडू नये.

डिजिटल कॅमेऱ्याने तर हा प्रश्न मुळापर्यंत नेला. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांच्या नावे १९७६ साली पेटंट झालेली रंगजाळी बहुतेक कॅमेऱ्यांत वापरली जाते. तीमध्ये सेन्सरवरील प्रत्येक बिंदू लाल, हिरवा वा निळा यांपैकी एकच रंग मोजतो. त्या बिंदूचे उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून गणिताने ठरवले जातात. म्हणजे आपण पाहतो त्या रंगीत चित्रातील दोन-तृतीयांश रंगमूल्ये मोजलेली नसून अनुमानित असतात. प्रत्यक्ष आणि अनुमान या प्रमाणांतील सीमारेषा येथे यंत्राच्या पोटातच पुसली गेली आहे. तेव्हा ‘संपादन नको’ या मागणीचा अर्थ ‘माझे संपादन नको, कारखान्याचे चालेल’ एवढाच उरतो.

शिवाय अस्पर्शित फाइल खोटे बोलू शकते. ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या स्पर्धेत २००९ साली, फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याच्या चित्राला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तो लांडगा माणसाळवलेला असण्याचा दाट संभव आहे असा निष्कर्ष काढून २०१० साली तो काढून घेण्यात आला. याच स्पर्धेत २०१७ साली पारितोषिक मिळालेले, ब्राझीलमधील वारुळाकडे येणाऱ्या मुंगीखाऊचे चित्र २०१८ साली बाद ठरले. त्यातील प्राणी पेंढा भरलेला आहे, असे तज्ज्ञांचे मत पडले. दोन्ही छायाचित्रकारांनी आरोप नाकारले. वादाचा निवाडा हा येथे विषय नाही. लक्षात घ्यायचे ते हे की, दोन्ही प्रसंगांत आक्षेप संगणकावरील फेरफारांवर नव्हताच. पिक्सेल जसेच्या तसे असताना साक्ष खोटी ठरू शकते. म्हणजे सत्यता ही पिक्सेलचा गुणधर्म नव्हे.

३

मग स्वायत्ततावाद स्वीकारावा काय? मराठी समीक्षेला हा पक्ष अपरिचित नाही. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांनी घडणाऱ्या लयीत सौंदर्य पाहिले. त्या दृष्टीने चित्राच्या उजव्या कोपऱ्यातली तार लय बिघडवत असेल तर ती काढणे हे चित्रकाराचे कर्तव्यच ठरेल. पहाडी शैलीतील चित्रकार यमुनेच्या काठी कदंब कुठे उभा करतो, याचा जाब त्याला कोणी विचारत नाही. छायाचित्रकारालाच का विचारावा?

याचे उत्तर छायाचित्राच्या चिन्हस्वरूपात आहे. पर्सच्या परिभाषेत बोलायचे तर चित्रकाराचा कदंब हे सादृश्यावर आधारलेले चिन्ह आहे. छायाचित्रातील कदंब सादृश्याबरोबरच निर्देशकही आहे. धूर जसा अग्नीचा किंवा पाऊलखूण जशी पावलाची, तसे ते चिन्ह त्या झाडावरून परतलेल्या प्रकाशाने घडलेले असते. आंद्रे बाझँ याने १९४५ साली आणि रोलाँ बार्थ याने १९८० साली आपापल्या मार्गाने हेच दाखवले की, छायाचित्राची पकड त्यातील वस्तू कधीतरी भिंगासमोर खरोखर होती या जाणिवेत आहे. ही जाणीव आस्वादाबाहेरची नाही, आस्वादाचाच तो घटक आहे.

आर्ट वुल्फ यांच्या १९९४ सालच्या ‘मायग्रेशन्स’ या पुस्तकामुळे उठलेला वाद या दृष्टीने बोलका आहे. प्राण्यांच्या कळपांतील रिकाम्या जागा त्याच कळपातील प्राण्यांच्या प्रतिकृतींनी भरलेली अनेक चित्रे त्यात होती. आकृतिबंध म्हणून ती सुंदरच होती आणि मर्ढेकरी लयीची अट त्यांनी बहुधा पूर्ण केली असती. तरीही एकच झेब्रा दोनदा आला आहे हे कळल्यावर आस्वादकाचा विस्मय ओसरतो. तो विस्मय आकृतीबद्दल नव्हता. जगात असे घडते, याबद्दलचा तो विस्मय होता. कादंबरीतील पात्र कल्पित आहे हे कळल्याने आपले काही जात नाही. येथे जाते.

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद या दोन ध्रुवांमधील ताणाची चर्चा केली. निसर्गछायाचित्र हे त्या ताणाचे जवळजवळ शुद्ध उदाहरण मानावे लागेल. ते सुंदर असावे ही एक मागणी आणि ते खरे असावे ही दुसरी. पहिलीसाठी दुसरी सोडली, तर हाती भित्तिचित्र उरते. दुसरीसाठी पहिली सोडली, तर पंचनामा उरतो.

४

येथे ‘संपादन’ हा शब्द मदतीस येतो. आपल्या परंपरेत संपादनाची सर्वांत कठोर कसोटी पाठचिकित्सेने घालून दिली आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी तिची पद्धती निश्चित केली. या संपादकांनी संहितेवर हात फिरवला नाही असे कोण म्हणेल? त्यांनी शेकडो हस्तलिखिते ताडली, पाठ निवडले आणि लोकप्रिय प्रसंग मूळ संहितेतून बाहेर काढले. परंतु जे बाहेर काढले ते फेकून दिले नाही. नाकारलेले पाठ पानाच्या तळाशी किंवा परिशिष्टात राहिले. जेथे निवडीची खात्री कमी होती, तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ ओढली गेली. त्या रेघेत एक संपूर्ण नीतिशास्त्र आहे. संपादक निवड करतो, पण आपण निवड केली आहे हे वाचकापासून लपवत नाही. उलट, ती निवड उलटवण्याचे साधन तो वाचकाच्याच हाती ठेवतो.

ही कसोटी लावली की, किती बदल केला हा प्रश्न दुय्यम ठरतो. छायाप्रकाशाचा तोल सांभाळणे हे संहितेचे वाचन आहे. नसलेली वस्तू आणणे हा प्रक्षेप आहे. असलेली वस्तू काढणे हा लोप आहे. या तिन्हींचे नैतिक वजन सारखे नाही, परंतु तिन्हींना एकच विचारायचे : वगळलेला वा वाढवलेला पाठ कळण्याची सोय ठेवली आहे काय?

भंडारदरा, पुरुषवाडी या परिसरातील काजव्यांची चित्रे घ्या. पावसाळ्याच्या तोंडावर तेथील झाडे लखलखताना दिसतात आणि ते दृश्य पाहण्यास शहरांतून गर्दी लोटते. परंतु अखंड प्रकाशबिंदूंनी भरलेले झाड दाखवणारे चित्र सामान्यतः एका क्षणाचे नसते. बराच वेळ ओळीने घेतलेल्या अनेक चित्रांतील चमका संगणकावर एकावर एक रचून ते तयार होते. त्यात एकही काजवा खोटा नाही. खोटा आहे तो काळ. कोणत्याही डोळ्याने तो क्षण पाहिलेला नाही, कारण तो क्षण नव्हताच. ‘अमुक इतक्या मिनिटांचे संकलन’ एवढी एक ओळ खाली असती, तर ते चित्र कालावधीचे सुंदर रूपक ठरले असते. ती ओळ नसल्याने ते एक आश्वासन होते. त्या आश्वासनावर विसंबून आलेल्या मोटारींचे दिवे मग ज्या अंधारात काजव्यांचे संकेत चालतात, तोच अंधार मोडतात.

५

प्रक्षेपाची निंदा सर्वजण करतात. लोपाकडे मात्र सौम्यपणे पाहिले जाते. चित्रात काही आणले तर ती लबाडी, काही काढले तर ती स्वच्छता, असा आपला सहज समज असतो. निसर्गछायाचित्राच्या बाबतीत हा समज उलटा करून पाहिला पाहिजे.

अॅडम्सने १९४४ साली कॅलिफोर्नियातील लोन पाइन गावाजवळून सिएरा नेवाडाच्या हिवाळी सूर्योदयाचे चित्र घेतले. मागे उन्हाने उजळलेली हिमशिखरे, मध्ये काळोखी टेकड्या आणि पुढे प्रकाशाच्या पट्ट्यात चरणारा घोडा. त्या टेकडीवर गावातील शाळकरी मुलांनी पांढऱ्या दगडांनी गावाच्या नावाची एल आणि पी ही आद्याक्षरे मांडली होती. अॅडम्सने ती नाहीशी केली. पुढे त्याने ही गोष्ट स्वतःच लिहिली, म्हणजे पाठभेद नोंदवला. परंतु तो पुस्तकात, चित्राच्या पानावर नव्हे. लक्षणीय असे की, त्याच काळात तो जवळच्या मंझनार येथे, जपानी वंशाच्या अमेरिकनांना डांबून ठेवलेल्या छावणीत, माणसांची छायाचित्रे घेत होता. माणसाची साक्ष द्यावी हे त्याला तेथे पुरते ठाऊक होते. पर्वताकडे वळताच मात्र माणसाची खूण त्याला डाग वाटली. हा दोष एकट्या अॅडम्सचा नाही. निसर्ग म्हणजे जेथे माणूस नाही ते, ही जी कल्पना त्याच्या हाताआड उभी होती तिचा तो परिणाम आहे.

ही कल्पना आज किती महाग पडू शकते, हे माळढोकाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. आज तेथून तो जवळजवळ नाहीसा झाला आहे. साऱ्या देशात उरलेले पक्षी दीडशेच्या आसपास वा त्याहूनही कमी मानले जातात आणि त्यांतील बहुतेक राजस्थानच्या थर वाळवंटात आहेत. या पक्ष्याचे शरीर जड, डोळे डोक्याच्या बाजूंना आणि समोरची दृष्टी तोकडी. उडताना समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही. उच्चदाबाच्या वीजवाहिन्या हे त्याच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण मानले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली त्या भूमिगत करण्याचा आदेश दिला. २०२४ साली तो आदेश बदलून हा प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवण्यात आला.

आता असे समजा की, गवताळ माळावर उभ्या असलेल्या माळढोकाचे उत्तम चित्र संगणकाच्या पडद्यावर आहे आणि मागे क्षितिजावर तारांच्या तीन रेघा आहेत. रचनेच्या दृष्टीने त्या रेघा दोषच आहेत आणि पहिला हात त्यांच्यावरच पडेल. ही ‘सुधारणा’ झाली की चित्रातून नेमके काय जाते? पक्षी राहतो, त्याचा मारेकरी जातो. उद्या हा पक्षी उरला नाही, तर ते चित्र त्याच्या सुखी अस्तित्वाचा पुरावा म्हणून उरेल. निसर्गाविषयी ते खोटे बोलणार नाही. ते आपल्याविषयी खोटे बोलेल. चित्रातील पक्षी हरकत घेऊ शकत नाही, पाहणारा तेथे गेलेला नसतो आणि छायाचित्रकार हा एकटाच साक्षीदार असतो. साक्षीदार एकटा असला की त्याची जबाबदारी वाढते, हा लोकव्यवहारातील नियम येथेही लागू व्हावा.

६

यावर आक्षेप येईल की, असे नोंदीचे ओझे लादले तर सौंदर्य मरेल. चिकित्सक आवृत्तीतील तळटीपांनी महाभारत मेले नाही. तळटीप न वाचता कथा वाचण्यास वाचक मोकळा असतो. आवश्यक इतकेच की ती असावी. चित्राखालची एक ओळ, मूळ फाइल जपून ठेवण्याचा आणि मागितल्यास दाखवण्याचा शिरस्ता, यापलीकडे कोणी काही मागत नाही. मोठ्या स्पर्धा अंतिम फेरीत मूळ रॉ फाइल मागतात ती याच न्यायाने.

खरी चिंता वेगळी आहे. अॅडम्सला ती दोन अक्षरे हाताने, बिंदूबिंदूने झाकावी लागली. आपण काय करीत आहोत हे त्या श्रमानेच त्याला सांगितले असेल आणि म्हणूनच पुढे ते लिहिण्याची गरज त्याला भासली असेल. २०१० साली फोटोशॉपमध्ये पुसलेली जागा आपोआप भरणारी सोय आली. २०२१ नंतर चित्रातले काय पुसावे याची सूचना फोनच करू लागला. २०२३ पासून पुसलेल्या जागी कधीही न उगवलेले गवत निर्माण करणारी साधने हाती आली. लोप आता निर्णय न घेताच घडतो आणि जो निर्णय घेतलाच नाही त्याची नोंद कोण करील? नैतिक उत्तरदायित्व निवडीला चिकटलेले असते. निवडच अदृश्य झाली की तेही निराधार होते.

म्हणून छायाचित्राची समीक्षा करणाऱ्याने यापुढे रचना, छटा, प्रकाश यांबरोबर आणखी एक प्रश्न चित्राला नेमाने विचारला पाहिजे : या चौकटीत काय होते, जे आता नाही? हा प्रश्न संशयाचा नसून वाचनाचा आहे. संहितेपुढे बसलेला पाठचिकित्सक तो रोजच विचारतो. माळावरच्या तारा चित्रात राहिल्या तर चित्र कदाचित कमी सुंदर होईल. त्या तारा चित्रातून काढण्याऐवजी माळावरून काढाव्यात, असे वाटायला लावणारे चित्र मात्र तेच असेल.