कवटीतलं माळरान

पुणे-सोलापूरकडच्या कुठल्याही शाळेत सहावीच्या मुलांना वाघ काय खातो हे विचारा, उत्तरासाठी सगळे हात वर होतील. गोठ्यातल्या गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात असतात का, या प्रश्नाला मात्र एखादाच हात वर येतो. तो असतो शर्यतीचा बैल बाळगणाऱ्या घरातला. आदत, दुसा, चौसा, जुळलेला हा हिशेब त्याला पाठ असतो. बैलाचं वय खालच्या दातांवरून पाहतात, कारण वर पुढे दात नसतातच, नुसती कडक हिरडी असते. हे तो जनावरांच्या बाजारात शिकला. शाळेच्या लेखी तो बहुधा ‘ढ’ असतो.

वर्गात कवट्या आणाव्यात असं मला वाटतं ते आधी या मुलासाठी. वाघ-बिबट्याच्या कवट्या नकोतच. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्या बाळगता येत नाहीत. रानात पडलेलं सांबराचं शिंगसुद्धा घरी आणता येत नाही. आणि वाघ मुलांच्या डोक्यात चित्रातून आधीच येऊन बसलेला आहे, त्याला आणखी जागा कशाला? शेळीची मुंडी खाटकाकडे मिळते. ती शिजवून, सोलून, वाळवून ठेवावी. कुत्र्याची कवटी पशुवैद्यक महाविद्यालयाकडे उसनी मागून पाहावी. या दोन कवट्या शेजारी ठेवल्या की धडा सुरू.

शेळीचे डोळे कडेला, चौफेर नजर ठेवायला. पुढच्या दातांनंतर मोठी मोकळी फट, मग दाढांची रांग. दाढांवर बोट फिरवलं की कंगोरे लागतात. जबडा आडवा सरकतो, पाला दळला जातो. कुत्र्याच्या तोंडात 42 दात, सुळे बाहेर आलेले, आणि मागच्या दाढा अडकित्त्यासारख्या एकमेकींना घासून जाणाऱ्या. त्याचा जबडा आडवा हलवून बघा म्हणावं. जवळजवळ हलत नाही. शेळीच्या जबड्याचा सांधा दाढांच्या रांगेपेक्षा बराच वर, कुत्र्याचा तिच्याच पातळीवर. हे मुलांनी स्वतः शोधावं. शिक्षकाने घाईने सांगून टाकलं तर त्यातली मजा गेली.

आता शेळीच्या जागी चिंकारा आणि कुत्र्याच्या जागी लांडगा आणा. दात मोजले तर लांडग्याचेही 42च. दख्खनच्या माळावरचा मुख्य व्यवहार या दोन घरगुती कवट्यांत मांडलेला आहे: गवत कोण दळतं आणि दळणाऱ्याला कोण कापतं. सरकारी नकाशांत हाच माळ अनेकदा ‘पडीक’ ठरतो. दाढांचे कंगोरे बोटांनी चाचपलेल्या मुलाला गवत म्हणजे पडीक हे पटवणं अवघड जाईल.

गव्हाणी घुबड जुन्या वाड्यात हाडं-केसांच्या गोळ्या ओकून टाकतं. त्यात उंदरांच्या नखाएवढ्या कवट्या सापडतात, क्वचित चिचुंद्रीचीही. उंदराला शेळीसारखी फट, चिचुंद्रीला अणकुचीदार दातांची सलग रांग. ती कुरतडत नाही, किडे खाते. तिला उंदरांत मोजणाऱ्यांनी एकदा बघावंच.

गावाबाहेर मेलेली जनावरं टाकायची जागा असते, तिथे जायचं तर प्रश्न निराळे होतात. फाशी रोगाचे जंतू हाडांत वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून तिथे हात लावायचा नाही, लांबून पाहायचं. दुसरी गोष्ट रोगाइतकीच जुनाट. मेलेलं ढोर ओढायचं काम गावाने पिढ्यान्‌पिढ्या काही जातींवर लादलं. मार्च 1927मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी मृत जनावरांचं मांस सोडायला सांगितलं, तो त्या लादलेपणाशीच झगडा होता. आणि 2016मध्ये गुजरातेतल्या उना इथे मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या दलित तरुणांना भर रस्त्यात मारहाण झाली. त्यामुळे ‘तू घेऊन ये रे कवटी’ असं वर्गातल्या एकाच मुलाला सांगणं निरागस नसतं. मुंडी शिक्षकानेच साफ करावी आणि पहिला हातही त्यानेच लावावा. ‘आमच्यात असलं चालत नाही’ म्हणणाऱ्या घरांतली मुलं मग आपोआप पुढे सरकतात. पालकांची चिठ्ठी येईल, ती येऊ द्यावी.

त्या जागेवर पाहायचं ते हाडांच्या टोकांकडे. गिधाडं सांगाडा साफ करत, मोठी हाडं अख्खी राहत. कुत्री टोकं चघळतात. साळिंदराने कुरतडलं असेल तर पटाशीने काढल्यासारखे समांतर चरे दिसतात. आजोबांना विचारलं तर ते सांगतील, बैल पडला की आभाळातून गिधाडं उतरायची. त्या गिधाडांना संपवलं डायक्लोफेनॅकने. ते दुखणाऱ्या जनावराला टोचलेलं औषध; त्यानंतर लवकरच मेलेलं जनावर खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली. 2006मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तोवर बहुतेक गिधाडं गेली होती. मग मुलं विचारतात की आपल्या बैलाला डॉक्टर आता कुठली सुई देतात, आणि त्याचं उत्तर शोधायला शिक्षकाला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावं लागतं.