नियमावलीत नसलेले घर

2 फेब्रुवारी 2025 रोजी अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीची गादी विभागातली अंतिम कुस्ती झाली. पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निकाल पंचांनी दिला. आपली पाठ टेकलीच नाही, असे राक्षेचे म्हणणे होते. वाद पेटला, पंचाची कॉलर धरली गेली आणि लाथही बसली. त्यानंतर किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाडने कुस्ती अर्धवट सोडली, पंचांना शिवीगाळ केल्याचा ठपका त्याच्यावर आला. कुस्तीगीर संघाने दोघांनाही तीन वर्षांसाठी निलंबित केले. पाठ टेकली होती की नव्हती, यावर बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या लासुर्ण्यासारख्या गावांत पुढे कितीतरी दिवस वाद रंगले. पण पंचावर हात किंवा पाय उचलला तर खेळाडू बाहेर जाणार, हे तत्त्व कुणाला नवे नव्हते. ते आखाड्यात उतरणाऱ्या पोरालाही ठाऊक असते.

त्याच महिन्यात हरियाणात हिस्सारला एक तक्रार नोंदवली गेली. तक्रारदार स्वीटी बूरा, 2023 साली दिल्लीत 81 किलो गटात जगज्जेती ठरलेली बॉक्सर. आरोप हुंड्यासाठी छळ आणि मारहाणीचा. आरोप होता तिचा नवरा दीपक निवास हुडा याच्यावर. तो भारतीय कबड्डी संघाचा माजी कर्णधार. पुणे जिल्ह्यातल्या कबड्डीप्रेमींना तो परका नाही, कारण 2017 च्या प्रो कबड्डी हंगामात पुणेरी पलटणचे नेतृत्व त्यानेच केले होते. त्याने आरोप फेटाळले आणि रोहतकमध्ये स्वीटीविरुद्धच तक्रार दिली. मार्चमध्ये हिस्सारच्या महिला पोलीस ठाण्यात दोन्ही बाजू समोरासमोर आल्या, तेव्हा स्वीटीने त्याची कॉलर पकडल्याचे दृश्य देशभर फिरले. खरे-खोटे न्यायालय ठरवील. पण दोघेही अर्जुन पुरस्कारविजेते, दोघेही देशाची जर्सी घातलेले. त्यांच्या घरातला हा वाद खेळाच्या संस्थांपुढे आला, तर त्यांनी नेमके काय करायचे? पंचाला बसलेल्या लाथेला नियम होता. या प्रश्नाला नाही.

गावपातळीवरही हेच चित्र आहे. या पट्ट्यात निरा डाव्या कालव्याच्या कडेने ऊस उभा असतो, भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याचा हंगाम सुरू असतो आणि त्याच दिवसांत टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धा, कबड्डीचे सामने, जत्रांची कुस्ती मैदाने लागतात. अशा स्पर्धेचे हँडबिल हातात घेऊन वाचावे. वरती प्रमुख पाहुण्यांचे फोटो, मध्ये बक्षिसांचे आकडे आणि ती कुणाच्या सौजन्याने याची नावे, खाली बारीक अक्षरांत नियम. प्रवेश फी परत मिळणार नाही. खेळाडूने ओळखपत्र आणावे. शिवीगाळ करणारा संघ बाद. पंचांचा निर्णय अंतिम राहील. मैदानात काय झाले तर काय, याचा बारकाईने विचार करून या ओळी लिहिलेल्या असतात. ‘मॅन ऑफ द सिरीज’ची दुचाकी घेऊन जाणाऱ्यावर बायकोने पोलीस ठाण्यात तक्रार दिलेली असेल, तर त्याच्या गळ्यात हार घालायचा की नाही, यावर एकही ओळ नसते. ‘घरची भांडणं घरात’ एवढेच उत्तर तयार असते.

भांडण आणि मारहाण यांत फरक आहे, आणि तो कायद्याने स्पष्ट केलेला आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्यात शारीरिक मारहाणीइतकीच मानसिक छळाची, लैंगिक जबरदस्तीची आणि आर्थिक कोंडीचीही दखल घेतली आहे. लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही त्याचे संरक्षण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी साधारण चौघींत एकीने नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. खेळाडू याच समाजातून येतात. तेव्हा असा आरोप कधी तरी आपल्याही संघात येणार, हे गृहीत धरूनच संघटनांनी तयारी करायला हवी.

भारतातल्या सगळ्यात श्रीमंत क्रीडा संस्थेने ती केलेली नाही, हे 2018 मध्ये दिसले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मोहम्मद शमीची पत्नी हसीन जहाँ हिने त्याच्यावर मारहाणीसह अनेक आरोप केले आणि कोलकात्यात गुन्हा दाखल झाला. शमीने सगळे आरोप नाकारले. क्रिकेट नियामक मंडळाची वार्षिक करारांची यादी त्याच सुमारास जाहीर झाली. तीत शमीचे नाव नव्हते. इथपर्यंत वाटावे की मंडळाने प्रकरण गांभीर्याने घेतले. पण पुढची पायरी पाहण्यासारखी आहे. आरोपांमध्ये दुबईतून पैसे घेतल्याचाही एक मुद्दा होता. तेव्हा मंडळाचा कारभार पाहणाऱ्या प्रशासक समितीने भ्रष्टाचारविरोधी पथकाचे प्रमुख नीरज कुमार यांना चौकशी करायला सांगितले ती तेवढ्याच मुद्द्याची. आठवडाभरात चौकशी आटोपली, पैशांच्या आरोपात तथ्य आढळले नाही, आणि 22 मार्चला शमीला तीन कोटींचा ‘ब’ श्रेणीचा करार मिळाला. त्या हंगामात तो दिल्लीकडून आयपीएल खेळला.

मारहाणीच्या आरोपाचे काय झाले? मंडळाच्या दृष्टीने तो प्रश्न तिथेच संपला. शमी दोषी होता असे म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही, आणि इथे तसे सुचवायचेही नाही. पण त्याला दिलासा मिळाला तो भलत्याच प्रश्नाच्या उत्तरावर. ज्याचा संशय होता त्याची चौकशीच झाली नाही, म्हणून त्या बाबतीत तो निर्दोष असल्याचेही मंडळ सांगू शकले नाही. नियम नसला की आरोप करणारीचे नुकसान होते हे सहज कळते. ज्याच्यावर आरोप आहे त्याचेही होते, हे लक्षात घेतले जात नाही. पती-पत्नींमधले कज्जे पुढे कोर्टात चालू राहिले. 1 जुलै 2025 रोजी कलकत्ता उच्च न्यायालयाने पत्नीसाठी दीड लाख आणि मुलीसाठी अडीच लाख असा दरमहा चार लाखांचा अंतरिम निर्वाहभत्ता ठरवला. तोवर सात वर्षे उलटली होती.

मंडळाला तातडीने वागता येत नाही, असेही नाही. 2010 मध्ये दुसऱ्या संघाशी परस्पर कराराची बोलणी केली म्हणून रवींद्र जडेजाला आयपीएलचा अख्खा हंगाम बाहेर बसवले गेले. मे 2013 मध्ये स्पॉट फिक्सिंगच्या आरोपात श्रीशांत आणि त्याचे दोन सहकारी पकडले गेले, तेव्हा आरोप सिद्ध होण्याची वाट न पाहता त्यांचे निलंबन झाले. जानेवारी 2019 मध्ये टीव्हीवरच्या गप्पांत स्त्रियांबद्दल असभ्य बोलल्यामुळे हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल यांना ऑस्ट्रेलिया दौऱ्यावरून परत बोलावले. पुढे लोकपालांनी प्रत्येकी 20 लाखांचा दंड केला. ही तिन्ही प्रकरणे एकत्र ठेवली की कोणत्या गोष्टीने संस्थेचा हात हलतो ते स्पष्ट दिसते. करार, सट्टा आणि चारचौघांत झालेली नाचक्की. बायकोच्या अंगावरचे वळ त्यात बसत नाहीत.

न्यायालय आहे ना, मग लीगने कशाला पडायचे, हा युक्तिवाद नेहमी होतो. त्याला मुंबईतलेच एक प्रकरण उत्तर देते. रिया पिल्लई यांनी 2014 मध्ये आपला जोडीदार, टेनिसपटू लिएंडर पेस याच्याविरुद्ध कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली वांद्र्याच्या महानगर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. त्या कायद्यात पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा, असे लिहिले आहे. निकाल आला फेब्रुवारी 2022 मध्ये. पेसकडून निरनिराळ्या प्रकारे कौटुंबिक हिंसा झाल्याचे न्यायालयाने मानले; रिया यांनी एकत्र राहते घर सोडल्यास दरमहा एक लाख निर्वाहभत्ता आणि 50 हजार घरभाडे द्यावे, असा आदेश दिला. या आठ वर्षांत पेस रिओ ऑलिंपिक खेळला, मिश्र दुहेरीत ग्रँड स्लॅम जिंकला आणि 2018 मध्ये डेव्हिस चषकात दुहेरीच्या सर्वाधिक विजयांचा विक्रमही त्याच्या नावावर लागला. खेळाडूचा उमेदीचा काळ कोर्टाच्या तारखांपेक्षा लवकर संपतो. ‘कोर्टाचा निकाल येऊ द्या’ असे म्हणणारी संघटना प्रत्यक्षात काहीच करणार नाही, असेच सांगत असते.

अमेरिकेच्या फुटबॉल लीगने हा धडा फार बदनामी सोसून घेतला. फेब्रुवारी 2014 मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सच्या रे राइसने अटलांटिक सिटीतल्या एका कॅसिनोच्या लिफ्टमध्ये आपल्या वाग्दत्त वधूला ठोसा मारून बेशुद्ध केले. जुलैमध्ये लीगने दोन सामन्यांची बंदी घातली. टीका झाली तसे ऑगस्टअखेर नवे धोरण आले: पहिल्या गुन्ह्याला सहा सामने. सप्टेंबरमध्ये लिफ्टमधले चित्रण लोकांनी पाहिले, आणि त्याच दिवशी क्लबने त्याला काढले, लीगने बेमुदत निलंबन केले. नोव्हेंबरमध्ये लवाद म्हणून नेमलेल्या माजी न्यायाधीश बार्बरा जोन्स यांनी ते निलंबन रद्द केले. एकाच कृत्याला दोनदा शिक्षा देता येत नाही, आणि राइसने लीगपासून काही लपवले नव्हते, असा त्यांचा निष्कर्ष होता. लोकांचा संताप पाहून शिक्षा वाढवली की ती टिकत नाही.

त्यानंतर 2015 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन बेसबॉल लीगने खेळाडूंच्या संघटनेला बरोबर घेऊन धोरण ठरवले, ते अधिक शहाणपणाचे. आरोप आला की आयुक्त खेळाडूला सात दिवसांपर्यंत पगारी रजेवर पाठवू शकतात. चौकशी स्वतः करतात. पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही तरी कारवाई करू शकतात. आणि खेळाडू लवादाकडे दाद मागू शकतो. ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीगने 2019 मध्ये दुसरा मार्ग धरला. अकरा वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप ठेवला गेला की खेळाडू आपोआप मैदानाबाहेर, पूर्ण पगारावर, दोषी न ठरवता. स्त्रिया किंवा मुलांवरील हिंसेच्या इतर आरोपांत तसा निर्णय घेण्याची मुभा लीगला.

या दुसऱ्या मार्गाची किंमतही सांगितली पाहिजे. नियम पहिल्यांदा लागू झाला तो जॅक डी बेलिनला, लैंगिक अत्याचाराच्या आरोपावरून. तो फेडरल कोर्टात गेला, हरला. खटल्यात ज्युरींचे एकमत झाले नाही आणि 2021 मध्ये आरोप मागे घेतले गेले. तोवर त्याची दोन हंगामांहून अधिक कारकीर्द गेली होती. पगाराने ती भरून येत नाही. म्हणून आरोप आल्याबरोबर निकालापर्यंत बंदी, ही पद्धत भारतात जशीच्या तशी आणणे बरोबर नाही. पेसच्या प्रकरणाला आठ वर्षे लागणाऱ्या देशात तशी बंदी म्हणजे जन्मठेपच ठरेल, आणि मग कुठलीही संघटना ती लावायला धजणार नाही.

आपल्याकडे हवी ती बेसबॉलसारखी, मुदत बांधलेली व्यवस्था. लेखी तक्रार किंवा गुन्हा दाखल झाला की खेळाडूने काही दिवस बाजूला व्हावे, त्याचे मानधन चालू राहावे. चौकशी संघमालकाने किंवा निवड समितीने करू नये, कारण दोघांनाही तो खेळाडू पुढच्या सामन्यात हवा असतो. निवृत्त न्यायाधीश आणि या विषयात काम केलेली व्यक्ती अशा बाहेरच्यांकडे ती द्यावी. न्यायालयाने संरक्षणाचा आदेश दिला असेल आणि खेळाडूने तो मोडला असेल, तर चौकशीची वाट पाहायचे कारणच नाही. तो मोडणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचे, हे सारे खेळाडूच्या करारात हंगाम सुरू होण्यापूर्वी छापलेले असावे. नाव समोर आल्यावर नियम बनवायला बसले की तो कर्णधारासाठी वेगळा आणि राखीव खेळाडूसाठी वेगळा बनतो.

मानधन चालू ठेवण्याचा मुद्दा अनेकांना खटकेल. आरोपीला घरबसल्या पैसे कशाला? पण त्या पैशांवर कोण जगते ते पाहावे. तक्रार केली की नवऱ्याचा करार तुटेल, करार तुटला की मुलांची फी, घराचे हप्ते, आणि उद्या मागायचा निर्वाहभत्ताही बुडेल, हे कुठल्याही बाईला कळते. सासर तिला तेच सुनावते. ‘त्याचं करिअर बरबाद केलंस’ हे वाक्य ऐकावे लागू नये म्हणून कित्येक तक्रारी तोंडातच राहतात. कारवाई जितकी तडकाफडकी आणि जबर, तितके घरातल्या बाईवर गप्प राहण्याचे दडपण मोठे. मानधनातला ठरावीक हिस्सा या काळात थेट पत्नी-मुलांच्या खात्यावर जाण्याची तरतूद करारातच केली, तर ते दडपण बरेच हलके होईल.

2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने महासंघांवर महिला आणि अल्पवयीन खेळाडूंसाठी सुरक्षित क्रीडा धोरण करण्याची जबाबदारी टाकली आहे. लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन जंतरमंतरवर बसलेल्या महिला कुस्तीगिरांनी 2023 मध्ये जे भोगले, त्यानंतर ते गरजेचेच होते. पण खेळाडूच्या घरातली बाई खेळाडू नसेल, तर या संरक्षणात ती येत नाही. धोरण लिहायला बसलेच आहेत, तर एक कलम तिच्यासाठी घालायला नव्या कायद्याची गरज नाही.

गावाला तर महासंघाची वाट पाहण्याचेही कारण नाही. जत्रेची पंचकमिटी कुणाची जोड कुणाशी लावायची, कुणाला इनामाची कुस्ती द्यायची हे स्वतः ठरवते. स्पर्धेचे आयोजक कुणाला बोलवायचे ते स्वतः ठरवतात. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर मैदानावरच्या फलकावर लावायला परवानगी लागत नाही. लासुर्णे, भवानीनगर, वालचंदनगर या भागातल्या मंडळांनी यंदाच्या हंगामाची हँडबिले छापायला टाकण्यापूर्वी एक बैठक घ्यावी, तिला गावातल्या बायकांना बोलवावे, आणि ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील’ या ओळीखाली आणखी एक ओळ घालावी: घरात हिंसा केल्याची तक्रार ज्याच्यावर दाखल आहे, त्याचा सत्कार चौकशी होईपर्यंत या मैदानावर होणार नाही.