माफीची नोंद

दिंडोशीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दर्जी राहतात. वय साठीच्या पुढे. सारी वस्ती त्यांना चाचा म्हणते. कुणाकडे इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे वाचायला येतो. उर्दू शाळेतला का होईना, पण मास्टर आहे, बी. एड. झाला आहे, त्याला बँकेची भाषा कळत असणार, असा लोकांचा समज. 2022 च्या मार्चमध्ये चाचा असाच एक कागद घेऊन आले.

2018 साली त्यांनी दोन जुकी मशीन आणि एक ओव्हरलॉक घेण्यासाठी एक लाख ऐंशी हजारांचे कर्ज काढले होते. 2020 च्या मार्चपर्यंत एकही हप्ता चुकला नाही. मग टाळेबंदी आली, कारखाना बंद पडला, कारागीर गावी गेले. तेव्हा मुद्दलापैकी एक लाख अठरा हजार शिल्लक होते. दोन वर्षांत व्याज आणि दंड चढून तेच एक लाख शहाण्णव हजार झाले. आता बँक म्हणत होती, एकरकमी भरा, काही सूट देऊ.

बोलणी मी केली. फोनवर इंग्रजीत बोललो, कारण इंग्रजी बोलले की वसुलीवाला जरा अदबीने वागतो, असा माझा अनुभव आहे. चाचा शेजारी बसून तसबीह फिरवत होते. दीड लाखापासून सुरुवात झाली. मार्चअखेर होती, त्यांनाही हिशेब बंद करायचा होता. चार दिवसांत आकडा पंचाण्णव हजारांवर आला. आधी बँकेच्या कागदावर लेखी घेतले, मगच पैसे भरले. ओव्हरलॉक विकले, उरलेले पैसे भाच्याने दिले. चाचांनी घरी नियाज केली.

2024 मध्ये मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी ते दुसऱ्या बँकेत गेले. अधिकाऱ्याने संगणकावर नोंद पाहिली आणि मान हलवली. चाचा माझ्याकडे आले. ‘मास्टर, उन्होंने तो माफ किया था ना? फिर ये क्या लिखा है?’

लिहिले होते ‘सेटल्ड’. कर्ज पूर्ण फिटले असते तर तिथे ‘क्लोज्ड’ आले असते. सेटल्ड म्हणजे पूर्ण फिटले नाही, तडजोड झाली. 2000 साली स्थापन झालेली सिबिल आणि तिच्यासारख्या इतर कंपन्या अशा नोंदी ठेवतात. 2005 च्या कायद्याने त्यांना चौकट आली, आणि कर्जाचा इतिहास किमान सात वर्षे जपला जातो. तीनशे ते नऊशेच्या दरम्यान माणसाला गुण मिळतात. मी रोज मुलांच्या वह्या तपासतो, पण एका इयत्तेतल्या चुकीसाठी सात वर्षे लाल शाई वापरत नाही. असो.

चाचांच्या प्रश्नाला उत्तर देणे मात्र सोपे नव्हते. हजरत काब बिन मालिक यांची हकीकत आपण ऐकलेली आहे. मशिदीत त्यांचा कर्जदाराशी वाद चालला होता. आवाज चढले. पैगंबरांनी (स.) पडदा बाजूला करून काबना खूण केली, अर्धे सोडून दे. त्यांनी सोडले. मग कर्जदाराला फर्मावले, ऊठ, उरलेले फेड. याहून चोख तडजोड कुठे सापडेल? आणि त्या तडजोडीनंतर तो अर्ध्याचा कर्जदार म्हणून लोकांत ओळखला गेला, असे कुठे ऐकिवात नाही. धनकोने खुशीने सोडले तर ते सुटले.

पण त्याच पैगंबरांनी (स.) तीन दीनारांचे कर्ज मागे ठेवून गेलेल्याच्या जनाज्याची नमाज पढवली नाही, अबू कतादा यांनी ते कर्ज अंगावर घेईपर्यंत. म्हणजे कर्ज ही हलकी गोष्ट नाही. सूरह बकरात तंगीत असलेल्या कर्जदाराला सवड देण्याचा हुकूम आहे, आणि सोडून दिले तर ते अधिक चांगले म्हटले आहे. उलट ऐपत असून टाळाटाळ करणाऱ्याच्या वागण्याला हदीसमध्ये जुलूम हा शब्द आहे. तंगदस्त आणि टाळाटाळ करणारा यांच्यातला हा फरक सगळ्यात मोठा आहे. ‘सेटल्ड’ या शब्दात तो दिसत नाही. चाचाही सेटल्ड, आणि ऐपत असून बँकेला थकवणारा, वकील लावून निम्म्यात सुटणारा तोही सेटल्डच.

नोंदच नको, असे मात्र मी म्हणणार नाही. कर्ज लिहून ठेवा, असे आपल्याला कुरआननेच सांगितले आहे. पुढच्या धनकोला खरे कळणे हा त्याचा हक्क आहे. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांचा रोख माणसांपेक्षा कर्जरोख्यांवर होता. रोखे हिसकावले आणि जाळले. लिहिलेल्यावर त्यांचा भरवसा उरला नव्हता, कारण लिहिणारा एका बाजूचा होता. चार वर्षांनी सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला. आज जाळायला कागद नाही. आणि जाळायचाही नाही, तो न्यायाने लिहिला जावा एवढीच मागणी आहे. रिझर्व्ह बँकेने 2023 च्या जूनमध्ये तडजोडीचे नियम केले. त्यात शेतीबाहेरच्या कर्जदाराला त्याच बँकेने पुन्हा कर्ज देण्यापूर्वी किमान बारा महिने थांबावे, असे आहे. जिचे पैसे बुडाले तिला बारा महिने पुरेसे वाटू शकतात, आणि जिचा एक पैसा बुडाला नाही ती बँक सात वर्षे जुना शब्द पाहून मान हलवू शकते.

मशिदीबाहेर एकाने चाचांना ऐकवले, व्याजाचे कर्ज घेतलेच कशाला. जकातीच्या आठ वाटांत कर्जदाराचीही एक वाट आहे, हे त्या गृहस्थांना 2020 मध्ये आठवले नव्हते.

चाचांनी स्वतःचा हिशेब स्वतः केला. बँकेने सोडले एक लाख एक हजार. त्यातले व्याज आणि दंड अठ्ठ्याहत्तर हजार, मुद्दल तेवीस हजार. ‘ब्याज का अल्लाह जाने, असल तो मैंने खाया है.’ मला हा हिशेब पूर्णपणे पटला नाही. सही व्याजासह केली होती, आणि व्याज हराम आहे हे सही करतानाही ठाऊक होते. सोयीच्या वेळी आठवणारी शरियत मला जरा संशयास्पद वाटते. पण मी वाद घातला नाही. बँकेला विचारले. उत्तर आले की सगळे एक लाख एक हजार भरा, मग शब्द बदलू. तेवीस हजारांनी तिथे काहीच बदलणार नव्हते.

तरी चाचा दर महिन्याला हजार रुपये एका पाकिटात ठेवतात. तेवीस झाले की बँकेत नेऊन देणार म्हणतात, ते घेवोत न घेवोत. तारीख आणि रक्कम मी एका वहीत लिहायची, असे ठरले आहे. दोन साक्षीदारही त्यांनी नेमले आहेत, एक भाचा आणि एक समोरचा पानवाला.

2022 च्या त्या फोनवर मी तीनदा सांगितले होते, की या माणसाकडे पंचाण्णव हजारांच्या वर एक रुपयाही नाही आणि येणारही नाही. पुढच्याच महिन्यात चाचांची चाळीस हजारांची भिशी लागणार होती. मला ते माहीत होते. ते सांगितले असते तर मुद्दल पूर्ण फिटले असते. चाचांना इंग्रजी येत नाही. वहीचे पहिले पान मी कोरे सोडले आहे.