हेतू आणि आस्वाद

एखाद्या गोष्टीचा उगम क्षुद्र हेतूत झाला असेल, तर त्यामुळे तिचे मोल उणावते काय? नीतिविचारातील या जुन्या प्रश्नाचा एक बोलका दाखला आयर्लंडच्या एका मद्यात सापडतो.

‘सिंगल पॉट स्टिल’ या नावाने ओळखली जाणारी व्हिस्की एकाच डिस्टिलरीत, तांब्याच्या पात्रांत, बहुधा तीन वेळा ऊर्ध्वपातन करून सिद्ध होते. तीत मोड आणलेल्या बार्लीबरोबर कच्ची बार्लीही असते; आजच्या नियमानुसार दोहोंचे प्रमाण प्रत्येकी किमान ३० टक्के हवे. कॉर्क परगण्यातील मिडल्टन येथे होणारी, १२ वर्षे मुरलेली रेडब्रेस्ट हा तिचा नामांकित नमुना. निमुळत्या तोंडाच्या पेल्यात ती ओतून प्रथम वास घ्यावा. शेरीच्या पिंपांतून उतरलेला मनुकांचा गंध येतो. मग घोट जिभेवर रेंगाळू द्यावा. आधी सायीसारखा स्निग्धपणा, मागाहून सुंठ-लवंगेची आठवण देणारी ऊब. हा स्निग्धपणा व हा तिखटपणा कच्च्या बार्लीची देणगी, असे जाणकार मानतात.

ही देणगी आली कोठून? १७८५ साली आयर्लंडमध्ये माल्टवर, म्हणजे मोड आणून वाळविलेल्या धान्यावर, कर बसला. तो वाचविण्यासाठी उत्पादकांनी कच्च्या बार्लीचा आश्रय घेतला. तेथे रसिकता नव्हती. होता तो हिशेब. तेव्हा आज आपण जिला अभिजात चव म्हणतो ती मुळात करबचत होय, असे कोणी म्हटल्यास ते खोटे ठरणार नाही.

पण ते अपुरे ठरेल. एकोणिसाव्या शतकात तो कर उठला. कच्ची बार्ली मात्र राहिली. कारण सरले, कृती उरली. १८३० साली एनियस कॉफी या माजी अबकारी अधिकाऱ्याने अखंड ऊर्ध्वपातनाच्या यंत्राचे एकस्व घेतले. त्यातून निघणारे मद्य हलके व स्वस्त होते; डब्लिनच्या बड्या उत्पादकांनी ते नाकारले. पुढे अमेरिकेतील दारूबंदीसारखी अन्य संकटेही आली. तथापि या नकाराची किंमत त्यांना मोजावीच लागली. डिस्टिलऱ्या एकामागून एक बंद पडल्या, आणि १९७५ नंतर ही परंपरा बराच काळ मिडल्टनच्या एकाच छपराखाली तग धरून राहिली.

सोयीसाठी धरलेली गोष्ट ही सवय. गैरसोय सोसून धरलेली ती निष्ठा. हेतू असा वाटेत पालटू शकतो, म्हणून केवळ उगमावरून न्याय करणे अन्यायाचे आहे. परंतु सोसले म्हणजे योग्यच केले, असेही नव्हे, दुराग्रहीही सोसतोच. ही निष्ठा की दुराग्रह, हे पूर्वजांचा इतिहास सांगू शकत नाही, बाटलीवरची किंमत तर नाहीच. ते पेला हाती घेणाऱ्यालाच ठरवावे लागते. आस्वाद म्हणजे हीच फेरतपासणी.

घराण्यातून आलेल्या रीतींचेही असेच असते. ‘वडील करीत आले’ हे त्या राखण्याचे पुरेसे कारण नव्हे. ‘मूळ कारण आता उरले नाही’ हे टाकण्याचेही नव्हे. आज आपल्या जिभेला त्यांत काय लागते, हे प्रामाणिकपणे सांगता आले पाहिजे. ते सांगता येईल तेव्हाच वारसा आपला झाला.