जिंकलेल्या पैशाचे पाकीट



काही वर्षांपूर्वी एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक तरुण आमच्या कचेरीत आला. हातात पाकीट होते. "फादर, गरिबांच्या निधीसाठी आणलेत," तो म्हणाला. आम्ही आनंदाने पावतीपुस्तक उघडले. तेव्हा त्याने स्वतःहून सांगितले, की हे पैसे ऑनलाइन पोकरमध्ये जिंकलेले आहेत. आमचा हात थांबला. "मी हरत नाही, फादर. पगार सगळा घरात देतो. कोणाला फसवत नाही. मग यात पाप कुठे आहे?" त्याच्या संमतीने हा प्रसंग लिहीत आहोत, कारण त्याचा प्रश्न प्रामाणिक होता आणि आम्हालाही त्याचे उत्तर लगेच देता आले नाही.

जुगाराविरुद्ध बोलताना आपण नेहमी एकच कारण सांगतो: माणूस हरतो, कर्जात बुडतो, बायकापोरे उघड्यावर पडतात. हे खरेच आहे. पण जो जिंकतो, त्याला काय सांगायचे?

ख्रिस्तसभेने पत्ते खेळणे हेच पाप, असे कधी म्हटलेले नाही. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ (क्रमांक २४१३) सांगतो, की नशिबाचे खेळ वा पैजा मुळातच अन्यायाच्या नाहीत. मात्र स्वतःच्या व इतरांच्या गरजेचे पैसे त्यात जाऊ लागले, की ते अयोग्य ठरतात, आणि या नादाचे रूपांतर गुलामीत होण्याचा धोका असतो. संत थॉमस अक्वायनस यांनी तर योग्य मर्यादेतील खेळ व विरंगुळा सद्‌गुणात मोजला आहे. सणाच्या दिवशी आपणही हाऊजी खेळतोच की!

म्हणून आम्ही त्या तरुणाला त्याचा खेळ समजावून सांगायला सांगितले. तो 'सिट अँड गो' नावाच्या स्पर्धा खेळत असे. त्यांना ठरलेली वेळ नसते. समजा, नऊ जागा आहेत. नववा माणूस आला, की खेळ सुरू. प्रत्येकाने १०० रुपये लावायचे आणि वर १० रुपये खेळ चालवणाऱ्याला द्यायचे. जमलेल्या ९०० रुपयांपैकी पहिल्याला ४५०, दुसऱ्याला २७०, तिसऱ्याला १८०. बाकीचे सहा रिकाम्या हाताने उठतात. सक्तीची बोली ठरावीक वेळाने वाढत जाते, त्यामुळे तासाभरात निकाल लागतो. 'टर्बो' प्रकारात त्याहूनही लवकर.

हिशोब आपण करून पाहू. नऊ जणांनी दिले ९९०, त्यांना परत मिळाले ९००. म्हणजे टेबल म्हणून सगळे मिळून ९० रुपये हरलेच. वाडीतल्या केळीला घड लागतो तेव्हा शेजाऱ्याच्या केळीचा घड कमी होत नाही. येथे मात्र एकाच्या खिशात येणारा प्रत्येक रुपया दुसऱ्याच्या खिशातूनच निघतो.

"मग तू जिंकतोस कसा?" आम्ही विचारले. तो म्हणाला, "फादर, पत्त्यांपेक्षा टेबल निवडण्यात खरी हुशारी आहे. शनिवारी रात्री बसायचे. त्या वेळी दमलेले, हौशी लोक जास्त असतात. कोण नेहमी हरतो, ते लक्षात ठेवायचे आणि त्याच्याच टेबलावर जागा घ्यायची. अशा माणसाला आम्ही 'फिश' म्हणतो."

फिश म्हणजे मासा. प्रभू येशूने गालिलीच्या किनाऱ्यावर कोळ्यांना बोलावले, ते माणसांना जीवनाकडे आणण्यासाठी. येथेही माणसाला मासाच म्हटले आहे, पण गिळण्यासाठी! बंधुभगिनींनो, आम्हाला उत्तर तेथे सापडले. हाऊजीत कोणी दुबळा शेजारी शोधून त्याच्याजवळ बसत नाही. या खेळात मात्र दुबळ्याला शोधणे हेच कौशल्य आहे. जो दमला आहे, ज्याला थांबता येत नाही, तो आपल्याला दिसतो. आणि तो दिसल्यावर आपल्याला आनंद होतो. दुसऱ्याचा दुबळेपणा पाहून आनंदणारे मन हळूहळू कसे घडत जाईल? अ‍ॅरिस्टॉटलने जुगाऱ्याला चोराच्या पंगतीत बसवले, ते याचसाठी: ज्या मित्रांना द्यायचे, त्यांच्याकडूनच तो घेतो. संत थॉमसही म्हणतात, की लोभापोटी दुसऱ्याला खेळात ओढून जिंकलेले धन परत करावे लागते.

हे सारे आम्ही त्याला सांगितले आणि पाकीट परत दिले. तो नाराज होऊन गेला. महिन्याभराने पुन्हा आला. "फादर, मी खेळणे सोडले आहे. पण पैसे परत कोणाला करू? त्या टेबलांवरच्या एकाचेही खरे नाव मला ठाऊक नाही." जक्कयाने चौपट परत करण्याचे वचन दिले, कारण त्याने कोणाला लुबाडले, ते त्याला माहीत होते. येथे तर चेहराच नव्हता. आम्ही बराच वेळ गप्प राहिलो. धनी सापडत नसेल तर ते धन गरिबांचे, हा ख्रिस्तसभेचा जुना नियम आम्हाला आठवला. पाकीट निधीत जमा झाले. पण या वेळी देणगी म्हणून नव्हे, तर परतफेड म्हणून. पावतीवर देणगीदाराचे नाव लिहू नका, असे त्यानेच सांगितले.

त्यानंतर २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात संसदेने पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन खेळ चालवण्यावर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्यात ठेवलेला नाही. कायद्याचे आपण पालन करावेच. परंतु कायदा टेबल बंद करू शकतो. दुबळा शोधणारी नजर बदलणे त्याच्या हातात नाही. तीच नजर बाजारात, जमिनीच्या व्यवहारात, भावाभावांच्या वाटणीतही असू शकते.

या आठवड्यात आपण स्वतःला एवढेच विचारू या: समोरच्याचा दुबळेपणा दिसला, की आपला हात आधार द्यायला पुढे होतो, की घ्यायला? आणि आपल्या घरात कोणी या नादात अडकले असेल, तर त्याला रागावण्याआधी आमच्याकडे घेऊन या. दार उघडे आहे.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू