त्रैक्य म्हणजे तीन देव का?

शंका : राजवाडा परिसरात आमची पिढ्यान्‌पिढ्या मराठी वस्ती. शिवगंगा तळ्याजवळच्या श्वार्ट्झ चर्चात तंजावूरचे राजे सरफोजी महाराज आपले गुरू, मिशनरी श्वार्ट्झ यांच्या मृत्युशय्येपाशी असलेले संगमरवरी शिल्प पाहिले. तिथले ख्रिस्ती स्नेही देव एकच म्हणतात, पण नाव पिता, पुत्र व पवित्र आत्मा असे तिघांचे घेतात. ही आपली त्रिमूर्तीच ना? एकाने पाणी, बर्फ, वाफ असा दाखला दिला. पवित्र शास्त्राचा आधार काय?
– एक वाचक, तंजावूर

समाधान : त्रिमूर्ती नव्हे. तिथे उत्पत्ती, स्थिती, लय ही कामे तिघांत वाटलेली असतात. इथे, म्हणजे ख्रिस्ती त्रैक्यात, तशी वाटणी नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभीच सांगितले आहे की, शब्द देवाजवळ होता, तो देव होता, सर्व काही त्याच्याद्वारे झाले आणि तोच देहधारी झाला. हा शब्द म्हणजेच पुत्र. पित्याची सृष्टी ती पुत्राचीही.

पाण्याचा दाखला सोडून द्या. तेच पाणी एका वेळी एकाच रूपात असते. योहान 14:16 पाहा : पुत्र पित्याला विनंती करतो आणि पिता दुसरा साहाय्यकर्ता, म्हणजे पवित्र आत्मा, देतो. मागणारा, देणारा आणि येणारा तिघेही एकाच वेळी आहेत. तरी 10:30 मध्ये येशू आपण व पिता एक असल्याचे सांगतो. एकाच देवाने तीन वेष घेतले असते, तर ही विनंती नाटकी ठरली असती. 17:24 प्रमाणे जगाच्या उत्पत्तीपूर्वीच पित्याची पुत्रावर प्रीती होती. देव एक आहे, पण एकाकी कधीच नव्हता. 1 योहान 5:7 मधले तीन साक्षीदारांचे वाक्य कोणी पुढे केल्यास ते बाजूला ठेवा. स्वर्गातल्या त्या तिघांचा उल्लेख प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत नाही, आणि या विश्वासाला त्याची गरजही नाही.

आता आपण न विचारलेले, पण मला सांगितल्यावाचून राहवत नाही. योहान 17:21 मध्ये येशू प्रार्थना करतो की पिता व तो जसे एक, तसे त्याचे लोकही एक व्हावेत. त्रैक्य मानणाऱ्याला ही प्रार्थना टाळता येत नाही. आपल्या तंजावुरात ती टाळली गेली. तिघांच्या एकाच नावाने बाप्तिस्मा घेतलेले वेल्लाळ आणि परैयर जातींचे लोक उपासनेला वेगवेगळे बसत, प्रभुभोजनालाही जातीच्या क्रमाने येत. 1833 साली बिशप डॅनियल विल्सन यांनी हा भेद बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा अनेक कुटुंबांनी चर्चकडे पाठ फिरवली. श्वार्ट्झ यांनी वाढवलेले थोर तमिळ कवी वेदनायकम शास्त्रीसुद्धा जातिभेदाच्या बाजूने उभे राहिले. याची मला आजही चीड येते. जो पाद्री रविवारी त्रैक्यावर प्रवचन करतो आणि सोमवारी जातवार दफनभूमीला मान डोलावतो, त्याला योहानाचा सतरावा अध्याय कळलेला नाही.

सरफोजींनी आपला धर्म सोडला नाही, तरी गुरूवर जीव लावला. आपणही धर्म न सोडता हे वाचू शकता. योहानाचे 14 ते 17 हे अध्याय एका बैठकीत वाचा आणि मग आपल्या स्नेह्यांना विचारा की त्यांच्या चर्चात कोण कुठे बसतो.